गाजर गवत: शेतात शिरण्यापूर्वी बांधावरच कसे रोखावे

मृगाचा पहिला पाऊस पडून आठवडा उलटला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याजवळ आणि उकिरड्याभोवती गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली पाने असलेली रोपे जमिनीला चिकटून उगवलेली दिसू लागतात. या अवस्थेतले गाजर गवत ओल्या जमिनीतून दोन बोटांनी मुळासकट निघते. तेच झाड महिना-दीड महिन्यात कमरेएवढे होते, पांढऱ्या फुलांनी भरते आणि मग ते काढण्यासाठी मजूर, हातमोजे, तणनाशक आणि पुढची कित्येक वर्षे लागतात. म्हणून या तणाच्या व्यवस्थापनाचे सारे गणित फुलोऱ्यापूर्वीच्या त्या चार-पाच आठवड्यांवर आणि मुख्य पिकाबाहेरच्या जागांवर अवलंबून आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावेसे वाटते. पिकात उगवलेले गाजर गवत शेतकरी निंदतोच. जे निंदले जात नाही ते बांधावरचे, आणि पुढच्या हंगामाचे बी तिथूनच येते.

ते आले कसे आणि पसरते कसे

गाजर गवत मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशातले. भारतात त्याचे जुने तुरळक नमुने सापडलेले असले, तरी उपद्रवी तण म्हणून त्याची ठळक नोंद १९५५ साली पुण्यात झाली. ते पी.एल. ४८० या अमेरिकेच्या अन्नमदत योजनेच्या गव्हातून आले असे सर्रास सांगितले जाते. मात्र भारताने त्या योजनेचा पहिला करार १९५६ मध्ये केला, म्हणजे पुण्यातली नोंद त्याआधीची आहे. अमेरिकेतून धान्याची आयात त्यापूर्वीही होत होती, त्यामुळे आयात धान्याबरोबर बी आले असावे हे पटण्यासारखे आहे, एका विशिष्ट योजनेवर बोट ठेवणे मात्र तारखांशी जुळत नाही. काहीही असो, पुढच्या काही दशकांत ते देशभर पोहोचले आणि आज सुमारे ३.५ कोटी हेक्टर क्षेत्रावर ते असल्याचा अंदाज आहे. कर्नाटक सरकारने तर १९७५ सालीच त्याला कायद्याने उपद्रवी तण घोषित केले होते.

इतक्या वेगाने पसरण्याचे कारण त्याच्या बियांत आहे. एका लहानशा फुलात साधारण पाच बिया तयार होतात, पण एका जोमदार झाडावर अशी हजारो फुले येत असल्यामुळे एकूण बी १० ते २५ हजारांपर्यंत जाऊ शकते. प्रत्येक बीला दोन्ही बाजूंना वाळलेल्या फुलोऱ्याचे हलके पापुद्रे चिकटलेले असतात. त्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि वावटळीत उडते. परंतु शेताच्या दृष्टीने वारा हा त्याचा सर्वांत मोठा वाहक नव्हे. पाटाचे पाणी, अर्धवट कुजलेले शेणखत, बाहेरून आणलेला कडबा आणि भुसा, रस्त्याच्या भरावासाठी आणलेली माती व मुरूम, रोपवाटिकेच्या पिशव्यांतली माती, आणि एका गावातून दुसऱ्या गावात फिरणारी मळणीयंत्रे, रोटाव्हेटर व हार्वेस्टर या वाटांनी बी लांबच लांब जाते. मेंढ्या-जनावरांच्या खुरांना लागलेल्या चिखलातूनही ते येते. या बहुतेक वाटा माणसाच्या हातात आहेत, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट.

तेव्हा पहिले काम प्रवेशबंदीचे. भाड्याचे यंत्र शेतात उतरण्यापूर्वी त्याच्या पात्यांना, टायरांना आणि चाळण्यांना चिकटलेली माती व काडीकचरा बांधाबाहेर झाडून घ्यावा. चालकाला हे सांगताना संकोच वाटतो, पण त्या पाच मिनिटांनी पुढची काही वर्षे वाचतात. विकत घेतलेले शेणखत पूर्ण कुजलेले आहे का हे हातात घेऊन पाहावे आणि शंका असेल तर ते पसरण्याऐवजी शेताच्या एका कोपऱ्यात ढीग करून, ओले ठेवून, झाकून आणखी दोन-तीन महिने कुजू द्यावे. पाटाचे पाणी जिथून शेतात शिरते त्या तोंडाशी बारीक जाळी बसवून ती दर पाळीला स्वच्छ करावी. बाहेरून माती किंवा गाळ आणला असेल तर तो टाकलेली जागा पहिल्या पावसानंतर आठवड्याला एकदा पाहावी. तिथे नवी रोपे सगळ्यांत आधी दिसतात.

झाडाचा स्वभाव समजून घ्यावा

बीला विशेष सुप्तावस्था नसते. ओल आणि थोडी ऊब मिळाली की ते उगवते, आणि फार कडाक्याची थंडी वा कडक ऊन सोडले तर आपल्याकडचे तापमान त्याला वर्षभर चालते. म्हणून पावसाळ्यात ते सर्वाधिक दिसले तरी ओलिताच्या शेतात, पाटाच्या कडेला आणि ठिबकच्या नळीखाली ते रब्बीत आणि उन्हाळ्यातही उगवते. वर्षात त्याच्या तीन-चार पिढ्या होऊ शकतात.

मात्र उगवण्यासाठी बी पृष्ठभागाजवळ असावे लागते. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातले बी उगवते किंवा काही महिन्यांत मरते. खोल गाडले गेलेले बी न उगवता अनेक वर्षे जिवंत राहते. खोल नांगरटीबद्दलचा माझा सल्ला यावरच आधारलेला आहे. उन्हाळी नांगरट किडी आणि बहुवर्षायू तणांसाठी उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ज्या शेतात आदल्या हंगामात गाजर गवताचे भरपूर बी पडले आहे, तिथे दरवर्षी खोल नांगरट केली तर एका वर्षी गाडलेले बी दुसऱ्या वर्षी वर येते आणि बियांचा साठा कधीच संपत नाही. अशा शेतात एकदा खोल नांगरून पुढची काही वर्षे फक्त कुळवाच्या वा वखराच्या उथळ पाळ्यांवर भागवावे.

झाडाला सोटमूळ असते आणि मुळाच्या वरच्या टोकावर फुटवे येण्याची ताकद असते. विळ्याने किंवा ब्रश कटरने जमिनीवर चार बोटे कापलेले झाड पंधरा दिवसांत अनेक फांद्या फोडून पुन्हा फुलते. ग्रामपंचायतीच्या रस्त्याकडेच्या सफाईत हेच वारंवार घडताना दिसते.

पिकाचे नुकसान फक्त अन्नपाण्याचे नाही

गाजर गवत पिकाशी पाणी, अन्नद्रव्ये आणि प्रकाशासाठी स्पर्धा करते, हे उघड आहे. त्याखेरीज पार्थेनिन हे विषारी द्रव्य आणि त्यासारखी इतर द्रव्ये त्याच्या पानांतून व मुळांतून जमिनीत उतरतात आणि शेजारच्या पिकाची उगवण व वाढ दडपतात. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींवरही त्यांचा विपरीत परिणाम होतो. सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी.

त्याहून दुर्लक्षित राहिलेला धोका रोगांचा आणि किडींचा आहे. सूर्यफूल आणि भुईमुगावर करपल्यासारखी लक्षणे आणणारा तंबाखू स्ट्रीक विषाणू गाजर गवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तो त्याच्या परागकणांत असतो. फुलकिडे ते परागकण अंगावर घेऊन पिकावर जातात, पाने खरवडतात आणि त्या जखमांतून विषाणू पिकात शिरतो. २००० साली आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाचे सुमारे सव्वादोन लाख हेक्टर क्षेत्र या रोगाने बाधित झाले होते, आणि तिथे बांधांवर व पडीक जमिनींवर माजलेले गाजर गवत हा विषाणूचा मोठा साठा ठरला. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणालाही गाजर गवत हक्काचा आसरा देते. कपाशी निघाल्यावर हे ढेकूण तिथे तगून राहतात आणि पुढच्या हंगामात परततात. म्हणजे बांधावरचे फुललेले झाड पिकाला हात न लावताही पिकाचे नुकसान करत असते, आणि ते केवळ 'बांधावरच तर आहे' म्हणून सोडून देण्यासारखे नसते.

माणसांना होणारा त्रास सर्वांना ठाऊक आहे: त्वचेला खाज, चट्टे, डोळ्यांची जळजळ, शिंका, दमा. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत; चाऱ्याच्या टंचाईत त्यांनी ते खाल्ले तर दूध कडवट होते आणि जास्त प्रमाणात खाल्ल्यास विषबाधा होते.

पहिली फेरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. जागृतीसाठी तो योग्य आहे, पण आपल्या शेताचे काम त्या तारखांना बांधू नये. जूनच्या पहिल्या पावसाने उगवलेले झाड जुलैच्या मध्यापर्यंत फुलू लागते आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचे बी जमिनीवर पडूनही गेलेले असते. म्हणून पाऊस वेळेवर आला असेल तर उपटण्याची पहिली फेरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी ऑगस्टच्या सुरुवातीला आणि तिसरी सप्टेंबरच्या मध्यास घ्यावी. पाऊस लांबला तर तारखा तितक्याच पुढे सरकवाव्यात. मोजायचे ते पावसापासूनचे आठवडे.

उपटण्याचे काम पाऊस उघडल्यानंतर, जमीन ओली असताना करावे, म्हणजे सोटमूळ तुटत नाही. झाड बुंध्याशी धरून सरळ वर ओढावे. पानांच्या चक्राच्या अवस्थेतल्या रोपांना खुरपे जमिनीखाली दोन बोटे घालून मुळासकट उचलावे. फुले न आलेली झाडे बांधावरच मुळे वर करून वाळत टाकली तरी चालतात. फुले आली असतील तर मात्र आधी झाड पिशवीत किंवा गोणीत घालावे आणि मगच हलवावे, कारण उपटलेल्या झाडावरही बी पक्व होऊ शकते आणि खांद्यावरून भारा नेताना ते वाटभर सांडते.

पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, नाकातोंडावर कापड आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुणे या गोष्टी ऐच्छिक समजू नयेत. आपल्याकडे निंदणीचे काम बहुतांश महिला करतात आणि अंगावर उठणारी खाज त्या वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. हातमोजे शेतमालकाने द्यावेत. ते मजुरीचाच भाग मानावेत. ज्यांना एकदा चट्टे उठले आहेत किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांना या कामाला लावू नये, कारण ही ॲलर्जी दर संपर्कागणिक वाढत जाते.

पिकाच्या आत वेगळे काही करावे लागत नाही, पण वेळ मात्र पाळावी लागते. पेरणीपूर्वी एक युक्ती फार उपयोगी पडते: पहिल्या पावसानंतर शेत तयार करून तणांना उगवू द्यावे आणि वापसा (मशागतीजोगी ओल) येताच उथळ वखराची पाळी देऊन ती उगवण मोडावी, मगच पेरावे. पाऊस उशिरा सुरू झाला असेल तर ही चैन परवडत नाही, परंतु ओलिताच्या रब्बी पिकात ती सहज जमते. त्यानंतर साधारण तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपणी किंवा डवरणी आणि ओळीतली निंदणी झाली, तर सोयाबीनसारखे लवकर झाकोळणारे पीक उरलेल्या रोपांना प्रकाश मिळू देत नाही. उसात पाचट न जाळता सरीत पसरावे. त्या आच्छादनाखालून गाजर गवताचे बारीक बी वर येऊ शकत नाही. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांत झाडाच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्याकडे वर्षभर लक्ष ठेवावे लागते, कारण ठिबकची ओल त्याला उन्हाळ्यातही जगवते.

तणनाशक वापरायचेच असेल तर

तणनाशकाला माझा तत्त्वतः विरोध नाही. मोठी पडीक जमीन किंवा लांबलचक कालव्याची कड हाताने साफ होत नाही. परंतु फवारणी फुलोऱ्यापूर्वीच, पाने हिरवी आणि वाढती असताना करावी. फुललेल्या झाडावर फवारले तर पाने जळतात, समाधान वाटते आणि बी तरीही पडते.

पिकात कोणते रसायन चालेल हे पिकावर ठरते. ज्वारी, मका आणि उसात पेरणी वा लागवडीनंतर तण उगवण्यापूर्वी ॲट्राझिन वापरले जाते, पण ज्वारीत तुरीचे किंवा मुगाचे आंतरपीक असेल तर ते मुळीच वापरू नये, कारण ते द्विदल पीक मारते. २,४-डी हे ऊस, ज्वारी, मका, गहू यांत रुंद पानांच्या तणांसाठी वापरतात; मात्र कपाशी, द्राक्ष, टोमॅटो आणि भाजीपाला त्याच्या अत्यल्प तुषारांनीही वाकडेतिकडे होतात, म्हणून शेजारच्या शेतात यांपैकी काही असेल तर ते फवारूच नये. त्यासाठी वापरलेला पंप कपाशीच्या फवारणीला घेऊ नये. नुसत्या पाण्याने धुऊन तो स्वच्छ होत नाही. बिगरपीक जागेत गवते वाचवून गाजर गवत मारायचे असेल तर मेट्रिब्युझीन बरे पडते. ग्लायफोसेट सगळेच हिरवे मारते, आणि मोकळी झालेली ती जागा पुढच्या पावसात पुन्हा गाजर गवतच पटकावते. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली असल्याने, ते घेण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून सध्याचे नियम समजून घ्यावेत.

मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणे घ्यावी, आणि ती ठरावीक क्षेत्रासाठी असल्यामुळे आपला पंप एकराला किती पाणी सोडतो हे माहीत असणे आवश्यक आहे. ते मोजण्याची सोपी रीत अशी: ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा आखावी, पंपात मोजून साधे पाणी भरावे, नेहमीच्या चालीने तेवढ्या जागेवर फवारावे आणि उरलेले पाणी मोजावे. जितके लिटर लागले त्याला ४० ने गुणले की एकरी पाणी निघते. पाच लिटर लागले तर एकराला २०० लिटर. तेवढ्या पाण्यात एकराची मात्रा मिसळावी. तणनाशकासाठी पट्टा पद्धतीने फवारणारे सपाट तोटीचे नोझल वापरावे, कीटकनाशकाचे गोल नोझल नव्हे. ग्लायफोसेटसाठी पाणी स्वच्छ असावे लागते, कारण गढूळ पाण्यातील मातीला ते चिकटून निष्क्रिय होते. धुळीने माखलेल्या रस्त्याकडेच्या झाडांवरही म्हणूनच ते नीट काम करत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती, तरी त्यातून घ्यायची काळजी तीच आहे: वाऱ्याविरुद्ध फवारू नये, कमरेपेक्षा उंच वाढलेल्या तणात शिरून फवारू नये, दोन-तीन रसायनांची मिश्रणे स्वतःच्या मनाने करू नयेत, आणि मास्क व हातमोजे नसतील तर त्या दिवशी फवारणी पुढे ढकलावी.

मिठाच्या दाट द्रावणाचा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. त्याने झाड वाळते हे खरे, पण मीठ जमिनीतच राहते. घराच्या फरशीच्या फटींत किंवा पक्क्या रस्त्याच्या कडेला ते चालेल. शेतात आणि बांधावर ते अजिबात टाकू नये.

भुंगा आणि टाकळा

मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी-काळ्या नागमोडी रेघा असलेला हा लहान भुंगा आता महाराष्ट्रातही बऱ्याच ठिकाणी आपोआप आढळतो. त्याच्या अळ्या गाजर गवताचे कोवळे शेंडे आणि पाने खातात, त्यामुळे फुलोरा थांबतो. तो जून ते ऑक्टोबर या दमट काळात काम करतो आणि नंतर जमिनीत सुप्त राहतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफूल खात असल्याची तक्रार झाली होती. तज्ज्ञांच्या चौकशीत त्यापासून पिकाला खरा धोका नसल्याचे आढळले.

बांधावर भुंगे दिसत असतील तर तिथे तणनाशक किंवा कीटकनाशक फवारू नये. ते एका जागी दाट असतील तर सकाळी डब्यात गोळा करून, डब्याला हवेसाठी छिद्रे पाडून, कोवळ्या पाल्यासह त्याच दिवशी दुसऱ्या पडीक जागी सोडावेत. एका ठिकाणी ५०० ते १००० भुंगे सोडले तर ते तिथे स्थिरावण्याची शक्यता वाढते. मात्र या उपायाची जागा पडीक जमीन, गायरान आणि कालव्याची कड ही आहे. चालू हंगामाच्या पिकात भुंग्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे आणि मला तो सर्वांत टिकाऊ वाटतो. उपटलेली जागा मोकळी सोडली की गाजर गवत परत येते. तिथे दुसरे काही उभे राहिले पाहिजे. टाकळ्याच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळल्यावर गोळा कराव्यात, बी कोरडे ठेवावे आणि एप्रिल-मे महिन्यांत बांधावर व पडीक कडांवर दाट फेकावे. पावसाबरोबर टाकळा जोमाने उगवतो आणि सावलीने गाजर गवत दाबतो. कोवळ्या पानांची भाजी होते ते वेगळेच. बांधावर चारा हवा असेल तर मारवेल या चाऱ्याच्या गवताची ठोंबे पहिल्या पावसात लावावीत आणि दोन वर्षे तिथे चराई होऊ देऊ नये, कारण अतिचराईने उघडी पडलेली जमीन गाजर गवताला सर्वाधिक मानवते.

उपटलेल्या झाडांचे खत

फुले येण्यापूर्वीची झाडे कंपोस्टसाठी चांगली आहेत. सावलीपेक्षा उन्हाच्या, उंचवट्याच्या जागी तीन फूट खोल, सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब खड्डा घ्यावा. तळ व बाजू चोपून घट्ट कराव्यात. झाडांचा एक थर, त्यावर शेणकाला, थोडी माती आणि मिळाल्यास ट्रायकोडर्मा ही कुजवणारी बुरशी असे थर दाबत खड्डा जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत भरावा आणि वरून शेण, माती व भुसा यांच्या मिश्रणाने लिंपून घुमटासारखा बंद करावा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. उघड्या ढिगात किंवा हवेशीर टाक्यात बाहेरच्या थरापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही, त्यामुळे एखादे फुललेले झाड चुकून आले तर त्याचे बी जिवंत राहते. म्हणून लिंपण्याला पर्याय नाही. तयार खत चाळून घ्यावे आणि त्यातले दोन मुठी एका कुंडीत पसरून, पाणी घालून दहा-बारा दिवस ठेवावे. एकही रोप उगवले नाही तरच ते शेतात टाकावे. उगवले तर ढीग ओला करून पुन्हा महिनाभर झाकून ठेवावा.